फ्लीटच्या फॉर्मवर पसंती लिहिण्याआधी

एअरलाइनचं पायलट म्हणून ऑफर लेटर आलं, मेडिकल झालं, आणि आता मेलमध्ये एक छोटा फॉर्म आलाय. फ्लीटची पसंती (कुठलं विमान उडवायचं), बेसची पसंती (कुठल्या शहरातून उडायचं), दोन दिवसांत भरून पाठवा. आपल्याकडे नव्या फर्स्ट ऑफिसरला, म्हणजे सहवैमानिकाला, बहुतेक वेळा कुणी विचारत नाही. ज्या विमानाचं टाइप रेटिंग (त्या विमानापुरतं प्रशिक्षण आणि परवानगी) केलंय तेच उडवायचं. पण कंपनीकडे एटीआर (पंख्यांचं छोटं विमान) आणि एअरबस (जेट) दोन्ही असतील तर कधी कधी विचारतात, आणि विचारलं तर ते दोन दिवस सत्कारणी लावा. मी माझा फॉर्म पाच मिनिटांत भरला होता. घरात सगळ्यांना जेट हवं होतं, मी जेट लिहिलं, मिळालं एटीआर. आठवडाभर तोंड पाडून बसलो होतो. पुढची तीन वर्षं त्या विमानाने मला जे शिकवलं, त्यावर मी आजही एअरबस उडवतो.

सगळ्यात आधी बेस बघा, विमान नंतर. स्टँडबायला, म्हणजे राखीव ड्युटीवर असताना, फोन आला की ठरलेल्या वेळेत विमानतळावर हजर व्हावं लागतं, म्हणजे खोली जवळच घ्यावी लागणार. त्या शहरातलं भाडं, पहाटे चारला मिळणारी गाडी, सुट्टीच्या दिवशी घरी पोचायला लागणारा वेळ, हे कागदावर मांडा. घर सांगलीला आणि बेस ईशान्येकडे असेल तर दोन दिवसांची सुट्टी प्रवासातच जाते. वडिलांची तब्येत, लग्न ठरलेलं असणं, या गोष्टी इथे मोजायच्या असतात. त्यात कमीपणा काही नाही.

मग दोन्ही फ्लीटवरच्या एकेका ज्युनियर फर्स्ट ऑफिसरला गाठा आणि मागच्या महिन्याचं अख्खं रोस्टर, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, मागा. एक दिवसाचं नको, महिन्याचं. सेक्टर (एक टेकऑफ ते एक लँडिंग) मोजा, पहाटेचे रिपोर्टिंग मोजा, रात्री दोन ते सहा या वेळेत किती वेळा जागं राहावं लागलं ते मोजा. एटीआरवर दिवसाला चार सेक्टर ही रोजची गोष्ट असते, एकेक सेक्टर तासाभराचा. कित्येक लहान विमानतळांवर रात्रीची उड्डाणंच नसतात, त्यामुळे रात्रीची झोप बरीचशी तुमची राहते. एअरबसवर सेक्टर लांब, लॉगबुकात तास भराभर चढतात, पण रात्रपाळ्या येतात.

आता विमानाकडे या. एटीआर 72 साधारण 70 ते 78 आसनांचं, ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास जाणारं. जळगाव, सिंधुदुर्ग, सोलापूर अशा धावपट्ट्यांवर आपल्या लोकांना उतरवणारं विमान हेच. गोव्याची फ्लाय 91 2024 पासून एटीआरवरच चालते. यात ऑटोथ्रॉटल, म्हणजे इंजिनाची पॉवर आपोआप कमी-जास्त करणारी यंत्रणा, नाही. पॉवर लिव्हर तुमच्या हातात, वेग तुमच्या हातात, आणि पॉवर बदलली की नाक एका बाजूला जायला बघतं, ते पायाने रडर देऊन सरळ ठेवायचं. खाली उतरताना ढगांच्या थरात बसणारे धक्के हाताला कळतात. एपीयू (जमिनीवर वीज आणि हवा देणारं छोटं जादा इंजिन) नसल्यामुळे जमिनीवर उजवं इंजिन चालू ठेवून त्याचा पंखा ब्रेक लावून थांबवतात, याला हॉटेल मोड म्हणतात. मागच्या दाराने डबा, पिशव्या, लेकरं घेऊन माणसं चढत असतात, समोर पंखा स्थिर असतो आणि इंजिन मात्र धडधडत असतं. पहिल्या दिवशी हे बघून मी वॉकअराउंड (उड्डाणाआधी विमानाभोवती फिरून करायची पाहणी) अर्ध्यावर थांबवून विचारून घेतलं होतं. तुम्हीही विचारा, आधी वाचून या.

एटीआर लिहिणाऱ्याने नेपाळमधल्या पोखराचा अपघात अहवाल शब्द न् शब्द वाचायलाच हवा. 15 जानेवारी 2023 ला तिथे एटीआर कोसळून 72 माणसं गेली. फ्लॅपच्या (पंखांच्या मागच्या पट्ट्या) लिव्हरऐवजी पंख्यांचे दोन्ही कंडिशन लिव्हर मागे ओढले गेले, पंखे फेदर झाले, म्हणजे पाती वाऱ्याच्या रेषेत वळली, आणि विमानाचा जोरच गेला. लिव्हरकडे बघून, नाव उच्चारून, मगच हात हलवायची सवय पहिल्या सिमच्या (सिम्युलेटरच्या) आधी लागली पाहिजे.

एअरबस 320 ची शिकवण वेगळी. इथे विमान वळवायला बाजूला छोटी साइडस्टिक आहे, आणि दोघांच्या स्टिक एकमेकींना जोडलेल्या नाहीत. कॅप्टन काय करतायत ते तुमच्या हाताला कळत नाही, म्हणून कोणाकडे कंट्रोल आहे ते मोठ्याने बोलावंच लागतं. ऑटोथ्रस्टवर (एअरबसचं ऑटोथ्रॉटल) असताना थ्रस्ट लिव्हर जागचे हलत नाहीत, त्यामुळे विमान काय करतंय हे समोरच्या पट्टीवरचे मोड वाचूनच कळतं. ज्याला वाचायची, बारकावे पाठ करायची आवड आहे त्याला हे विमान जमतं. एका रेटिंगमध्ये 319, 320, 321 सगळी येतात, जगभर कुठेही ती आहेत, आणि परदेशी कंपन्या अनेकदा जेटचे तास मागतात. हाही विचार खरा आहे.

माझं मत स्पष्ट सांगतो. 200 तासांचं लायसन्स घेऊन आला असाल, कर्जाचा हप्ता झेपत असेल, तर पहिली दोन-तीन वर्षं एटीआर लिहा. टेकऑफ आणि लँडिंग जितके जास्त, तितका हात लवकर बसतो. हप्ता झेपत नसेल, जास्त पैसे हवेच असतील, तर मात्र न लाजता एअरबस लिहा. वडिलांनी जमीन गहाण टाकली असेल तर ती सोडवणं पहिलं. लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानाची संधी आलीच तर एवढं विचारा की महिन्याला लँडिंग किती मिळतात. 90 दिवसांत किमान तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग नोंदवावे लागतात, आणि चार पायलटांच्या क्रूमध्ये ते वाटून घ्यावे लागतात.

बाँडचा, म्हणजे ठरावीक काळ कंपनी न सोडण्याच्या कराराचा, कागद कुणा वकिलाकडून वाचून घ्या. पुढे फ्लीट बदलली तर नवा बाँड लागतो का, जुना संपेपर्यंत किती महिने उरतात, हे लिखित मागा. सहवैमानिकाला नोकरी सोडताना 6 महिन्यांची नोटीस द्यावी लागते, तीही धरा. कमांडबद्दल, म्हणजे कॅप्टन होण्याबद्दल, कुणी "लवकर मिळेल" म्हणालं तर शेवटच्या तिघांना किती वर्षं लागली ते विचारा. एटीपीएलचे (कॅप्टनला लागणारं लायसन्स) 1500 तास आधी पुरे करायचेत.

मेडिकल, इन्स्ट्रुमेंट रेटिंग, आरटी (रेडिओचा परवाना) या सगळ्यांच्या मुदती एका पानावर लिहा. मुदत ट्रेनिंगच्या मधेच संपत असेल तर आत्ताच नूतनीकरणाला लागा. फॉर्म पाठवला की त्याची प्रत स्वतःला मेल करून ठेवा.

आणि फ्लीट कळल्याच्या संध्याकाळी कॉकपिटचं पोस्टर छापून आणा. ओव्हरहेड पॅनल डोक्याच्या वर, पुढचं समोर, पेडेस्टल (दोन सीटच्या मधला लिव्हरांचा भाग) डाव्या हाताच्या स्टुलावर. तुम्ही बसणार उजव्या सीटवर, म्हणून ते डाव्या हाताला हवं. मी ते उजव्या हाताला ठेवलं होतं, माझा पहिला आठवडा उलट्या बाजूने सराव करण्यात गेला.