मळणी आणि उन्हाळी नांगरट: ट्रॅक्टरचं इंजिन तापण्याआधी ओळखा

फेब्रुवारी ते मे हे चार महिने ट्रॅक्टरच्या रेडिएटरवर फार कठीण जातात. बेळगावच्या काळ्या रानात मसूर-हरभऱ्याची मळणी, चिकोडी-अथणीकडे शाळूची, सोबतीला उसाच्या शेवटच्या खेपा, आणि रान मोकळं होताच पलटी नांगराची खोल नांगरट. भुसकट, धूळ, ऊन आणि भार एकाच वेळी येतात. इंजिन तापून हेड (सिलिंडरवरचं झाकण) उतरवायची वेळ येते ती बहुतेक याच दिवसांत.

सगळ्यात आधी टेम्परेचर मीटरचा काटा नीट समजून घ्या. तो इंजिनचं नाही, सेन्सरभोवतीच्या पाण्याचं तापमान दाखवतो. पाणी गळून पातळी सेन्सरच्या खाली गेली की सेन्सर वाफेत किंवा हवेत उघडा पडतो, आणि इंजिन भाजत असताना काटा उलट खाली येऊ शकतो. म्हणून कामाचा भार तोच असताना काटा अचानक उतरला, तर बरं वाटून घेऊ नका. लगेच थांबा आणि कुठून पाणी गळतंय का, खाली ओल आहे का, ते पाहा.

काटा पंधरा-वीस मिनिटं काम करूनही हललाच नाही, तर तोही बिघाड समजा. जुन्या साध्या ट्रॅक्टरवर याची खात्री सोपी आहे. चावी चालू ठेवून सेन्सरची वायर काढा आणि क्षणभर इंजिनच्या बॉडीला टेकवा. बहुतेक मीटरचा काटा लाल बाजूला धावतो. धावला तर मीटर आणि वायर ठीक, दोष सेन्सरमध्ये. नाही धावला तर वायर तुटलीय किंवा मीटर गेलंय. 2023 पासून 50 एचपीच्या वरचे ट्रॅक्टर नव्या उत्सर्जन नियमांचे आले आहेत; अशा इलेक्ट्रॉनिक इंजिनवर ही चाचणी करू नका, कंट्रोल युनिट खराब होऊ शकतं.

चांगल्या ट्रॅक्टरचं पाणी भारावर साधारण 80 ते 95 अंशांत राहतं. तुमच्या ट्रॅक्टरचा काटा रोज कुठे थांबतो ती जागा लक्षात ठेवा, हवं तर काचेवर पेनाने खूण करा. त्याच रानात, त्याच गिअरला काटा खुणेच्या एक बोट पुढे जाऊ लागला, की लाल पट्टा अजून दूर असला तरी कुठेतरी अडलंय.

बहुतेक वेळा अडलेलं असतं ते रेडिएटरच्या बाहेरूनच. मळणी मशीनवर ट्रॅक्टर जागच्या जागी उभा राहून पीटीओवर (मशीन फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टवर) तासन्‌तास चालतो. समोरून वारा मिळत नाही, सगळी मदार पंख्यावर, आणि पंखा हवेबरोबर भुसकट ओढून जाळीवर थापतो. म्हणून खळ्यावर ट्रॅक्टर लावताना वाऱ्याची दिशा पाहा; मशीनचं भुसकट ट्रॅक्टरपासून दूर उडालं पाहिजे. दर दोन तासांनी इंजिन बंद करून जाळी हाताने किंवा ब्रशने साफ करा. आठवड्यातून एकदा कॉम्प्रेसरने हवा मारा, पण इंजिनच्या बाजूने पुढे. समोरून मारली तर कचरा पातींमध्ये आणखी आत घुसतो. दाब फार ठेवू नका आणि नोझल वीतभर लांब धरा. नाहीतर पाती वाकतात आणि वाकलेली पात म्हणजे बंद झालेली वाट. कुठून तेल झिरपत असेल तर त्यावर धूळ चिकटून चिखलासारखा थर होतो. तो हवेने जात नाही. इंजिन थंड असताना साबणाच्या पाण्याने धुवा.

आता आतलं पाणी. अथणी, रायबाग भागातल्या अनेक बोअरचं पाणी क्षाराचं आहे. ते रेडिएटरमध्ये ओतलं की नळ्यांत आणि लायनरभोवती (ज्यात पिस्टन चालतो त्या नळीभोवती) चुना धरतो, चहाच्या भांड्याला धरतो तसाच. बाहेरून सगळं स्वच्छ दिसतं आणि इंजिन तरीही तापतं. भरायचं ते कुलंटच. साध्या पाण्यात गंज आणि चुना रोखणारं काही नसतं, आणि पाण्यात बुडालेल्या लायनरला कालांतराने बारीक भोकं पडतात. 40 ते 50 एचपीच्या ट्रॅक्टरला अंदाजे 8 ते 12 लिटर लागतं; नेमका आकडा पुस्तिकेत असतो. कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कुलंट) असेल तर 10 लिटरसाठी 5 लिटर कुलंट आणि 5 लिटर डिस्टिल्ड वॉटर. डब्यावर तयार मिश्रण लिहिलं असेल तर त्यात पाणी घालू नका. वेगळ्या प्रकारची दोन कुलंटं मिसळू नका. चुना काढायला धुण्याचा सोडा ॲल्युमिनियमच्या रेडिएटरमध्ये घालू नका, धातू खातो.

रेडिएटरच्या झाकणाकडे कोणी पाहत नाही, पण त्याचं काम मोठं आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंच, त्यामुळे साधं पाणी इथे 97-98 अंशांनाच उकळतं. झाकणाची स्प्रिंग आत दाब धरून ही मर्यादा वर नेते. रबर कडक झालं, चिरलं, की दाब सुटतो आणि पाणी लवकर उकळून ओव्हरफ्लो नळीने जातं. थंड झाल्यावर होज पाईप चपटा झालेला दिसला तर झाकणातला छोटा व्हॉल्व्ह अडकलाय. झाकणच बदला, त्याच दाबाचं. फॅन बेल्ट मधोमध अंगठ्याने दाबून 10 ते 15 मिलिमीटर दबावा.

इंजिन तापतंय म्हणून थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकायची सवय आपल्याकडे फार आहे, आणि ती चुकीचीच आहे. त्याने इंजिन थंड राहून डिझेल पूर्ण जळत नाही, ऑइल पातळ होतं. काही इंजिनांत बायपासची वाट उघडी राहते आणि गरम पाणी रेडिएटरकडे न जाता आतल्या आत फिरतं. शंका असेल तर तो काढून पाण्याच्या भांड्यात टांगा, थर्मामीटर ठेवून तापवा. त्याच्यावर छापलेल्या आकड्याजवळ, बऱ्याचदा 82 अंशांना, तो उघडू लागला पाहिजे.

निपाणीकडून तवंदी घाट किंवा बेळगावजवळचा वंटमुरी घाट भरलेल्या ट्रॉलीने चढायचा असेल, तर चढ सुरू होण्याआधीच गिअर उतरवा. वरच्या गिअरला इंजिन दबून चालतं, आरपीएम पडतो आणि पंखा-पंप हळू फिरतात. नेमकी तेव्हाच उष्णता जास्त असते.

काटा लाल पट्ट्यात गेला तर भार काढा, गाडी बाजूला घ्या आणि पाणी व बेल्ट जागेवर असतील तर इंजिन आयडलच्या थोडं वर तीन-चार मिनिटं चालू ठेवा. एकदम बंद केलं तर फिरणारं पाणी थांबतं आणि हेड आणखी तापतं. बेल्ट तुटला असेल किंवा पाणी गेलं असेल तर मात्र त्याच क्षणी बंद करा. झाकण किमान अर्धा-पाऊण तास उघडू नका. मग ओलं पोतं घालून पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा, वाफ जाऊ द्या, आणि तोंड बाजूला ठेवा. गरम ब्लॉकवर विहिरीचं गार पाणी ओतलं की हेडला तडा जातो. थंड झाल्यावरही इंजिन आयडलवर चालवत, पाणी धारेने हळूहळू घाला.

पण पाणी घालायला इंजिन पुन्हा चालू करण्याआधीच डिपस्टिक (ऑइलची पातळी पाहायची पट्टी) काढून पाहा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी ऑइलमध्ये उतरलंय. मग सेल्फ मारू नका. ट्रॅक्टर ओढूनच गॅरेजला न्या.