मेंढ्याचं वीर्य गोठवताना या चुका टाळा: आधी ग्लिसरॉल नीट मोजा

गोठवलेल्या वीर्याची कांडी (बारीक नळी) वितळवली, सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणू मलूल दिसले, की नव्या मंडळींचा प्रश्न ठरलेला: "आता अजून काय घालू?" मग ट्रेहॅलोज नावाची साखर येते, व्हिटॅमिन ई येतं. आधीचं नीट पडलंय का, हे कुणी बघत नाही.

बहुतेक वेळा घोळ ग्लिसरॉलमध्ये, म्हणजे गोठताना पेशी वाचवणाऱ्या चिकट द्रवामध्ये असतो. ते नसेल तर बर्फ पेशी फोडतो, जास्त झालं तर तेच शुक्राणूंना बाधतं. मेंढ्यासाठी अंतिम मिश्रणात 4 ते 6 टक्के पुरे. वळूच्या वीर्याची 7 टक्क्यांची कृती उचलून आणू नका.

एका प्रयोगशाळेत रोज वेगळा निकाल यायचा. दोष कधी मेंढ्याला, कधी हवेला. ट्रेहॅलोज घालून झालं, काढून झालं. शेवटी मी म्हटलं, ग्लिसरॉल कसं घेता ते दाखवा. मुलाने पिपेट बुडवली, बटण झटकन सोडलं. टोकात हवेचा बुडबुडा, बाहेरून चिकट थर, आणि तो थरही मिश्रणात. 5 मिलीचं वजन 6.3 ग्रॅम यायला हवं. तिघांनी घेतलं तर तिघांचं वेगळं! इतक्या दाट पदार्थाला घाई चालत नाही, पण घाईवाल्यांना ते पटत नाही. मी पिपेट वापरतच नाही. बीकर तराजूवर ठेवून थेट वजनाने घेते, 1 मिलीला 1.26 ग्रॅम धरून.

दुसरी चूक गणिताची. वीर्यात मिसळायचा द्रव दोन भागांत बनवतात, त्या पद्धतीत ग्लिसरॉल फक्त दुसऱ्या भागात असतं आणि दोन्ही भाग सारखे मिसळतात. म्हणजे शेवटी 5 टक्के हवं तर दुसऱ्या भागात 10 टक्के लागतं. तिथे 5 च घालून "प्रोटोकॉलप्रमाणेच केलं" म्हणणारे कमी नाहीत.

या द्रवासाठी अंड्याचा बलक घेताना पांढरं येऊ देऊ नका. बलक गाळणकागदावर लोळवा, मग पडदा फोडून आतला द्रव घ्या.

द्रवात स्किम (साय काढलेलं) दूध वापरत असाल तर आधी 92 ते 95 अंशांवर 10 मिनिटं तापवून थंड करा. कच्च्या दुधातला लॅक्टेनिन शुक्राणूंना मारक असतो.

बोकडाची कृती मेंढ्याला लावू नका, उलटही नको. बोकडाच्या वीर्यातला एक एन्झाइम बलकातलं लेसिथिन हे स्निग्ध द्रव्य फोडतो आणि त्यातून शुक्राणूंना घातक पदार्थ तयार होतात.

थंड करण्यात घाई नको. मेंढ्याच्या शुक्राणूंच्या पडद्यात कोलेस्टेरॉल कमी, त्यामुळे थंडीचा झटका त्यांना लगेच लागतो. 5 अंशांपर्यंत यायला दीड-दोन तास द्या. नळी थेट फ्रिजमध्ये ठेवून वर व्हिटॅमिन ई सारखं अँटिऑक्सिडंट ओतणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडून दिलंय.

आणि नवीन काही घालायचंच असेल, तर एकाच वेळचं वीर्य दोन भागांत वाटा. अर्ध्यात घाला, अर्धं तसंच गोठवा, दोन्ही कांड्या 37 अंशांच्या पाण्यात 30 सेकंद वितळवून शेजारी-शेजारी बघा. एवढा कंटाळा येत असेल तर ट्रेहॅलोजची बाटली कपाटातच राहू द्या.