विकास क्षेत्रात संशोधन करताय? या चुका टाळा

अभ्यास फसला की खापर फिल्डवर फुटतं: सर्वेक्षक कच्चे होते, पावसाने घात केला, लोक खरं बोलले नाहीत. पण बहुतेक वेळा गडबड प्रश्नावलीत असते, किंवा त्याच्याही आधी, काय विचारायचं हे ठरवताना.

सगळ्यात महागात पडते ती उपाय आधी ठरवून मग गरज शोधायला निघण्याची सवय. प्लेपंप आठवा. मुलांनी गोल चक्रावर खेळायचं आणि त्या फिरण्यातून जमिनीतलं पाणी टाकीत चढायचं. २००६ मध्ये अमेरिकेत त्यासाठी १.६४ कोटी डॉलर जाहीर झाले, आफ्रिकेत ४,००० पंप बसवायचं ठरलं. फोटो झकास यायचे. मुलं खेळून कंटाळली की तेच जड चक्र बायकांना हाताने ढकलावं लागे. कित्येक ठिकाणी चांगला चालणारा हातपंप काढून ते बसवलं होतं, आणि बिघडलं की दुरुस्तीला महिनोन्‌महिने कोणी फिरकत नसे. ‘पंप आवडला का?’ असं पाहुण्याने विचारलं तर उत्तर ‘हो’च येणार. त्यापेक्षा विचारा: काल पाणी कोणी भरलं, किती वेळ गेला, शेवटची दुरुस्ती कधी झाली आणि पैसे कोणी दिले?

मोजायचं काय, हेही एकतर्फी ठरतं. बांगलादेशात १९७० च्या दशकापासून युनिसेफच्या मदतीने कूपनलिका खोदल्या गेल्या. हेतू रास्त होता, तळ्याच्या पाण्याने होणारे जुलाब थांबावेत. मात्र आर्सेनिक हे विष तेव्हाच्या नेहमीच्या तपासणीत नव्हतंच. १९९३ मध्ये ते सापडलं, तोवर कोट्यवधी लोक ते पाणी पीत होते. निर्देशकांच्या यादीत ‘यातून कुणाचं नुकसान होतंय का’ हे तपासणारा एक तरी प्रश्न असू द्या, मग फंडरला, म्हणजे पैसे देणाऱ्या संस्थेला, तो आवडो न आवडो.

आता प्रश्नावली. ‘गेल्या वर्षी उत्पन्न किती?’ हा प्रश्न सरळ काढून टाका. शेती करणाऱ्या घरात असा आकडा कुणाच्या डोक्यात तयार नसतो. कोणतं पीक, किती निघालं, घरी किती ठेवलं, किती विकलं, काय भावाने, असं विचारून बेरीज आपण करावी. आठवणीचा कालावधीही जपून ठरवा. भारताच्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या १९९९-२००० च्या फेरीत अन्नखर्च ७ आणि ३० दिवसांचा शेजारी-शेजारी विचारला गेला. एका उत्तराचा दुसऱ्यावर परिणाम झाला आणि गरिबी नेमकी किती घटली यावर अर्थतज्ज्ञ वर्षानुवर्षं भांडत राहिले.

दुसऱ्या आठवड्यात ‘हो’ उत्तरं अचानक कमी झाली, तर लोक बदललेले नसतात. ‘हो’ म्हटलं की पुढचे वीस प्रश्न उघडतात, हे सर्वेक्षकांच्या लक्षात आलेलं असतं. उत्तरांचं प्रमाण सर्वेक्षकनिहाय रोज पाहा, आणि साधारण दहा टक्के घरांत दुसऱ्या माणसाला पाठवून मोजके प्रश्न पुन्हा विचारून घ्या. सर्वेक्षकांवर ओरडण्याआधी प्रश्नावली छोटी करा; दोन तासांच्या मुलाखतीत कुणीही पळवाट शोधेल.

‘आधी असं होतं, नंतर तसं झालं’ एवढ्यावर परिणाम सिद्ध होत नाही. सूक्ष्मकर्जाने, म्हणजे गरिबांना दिलेल्या छोट्या कर्जाने, आयुष्य पालटल्याच्या कहाण्या खूप गाजल्या. जानेवारी २०१५ मध्ये बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को इथले सहा यादृच्छिक प्रयोग (कर्जाची सोय कुणाला आधी मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवून केलेले) एकत्र प्रसिद्ध झाले. फायदा दिसला, पण बेताचाच. गरिबीतून मोठी झेप कुठेच दिसली नाही. तुलना गट, म्हणजे योजना न मिळालेली तशीच माणसं, नसेल तर अहवालात ‘मुळे’ हा शब्द वापरू नका.

आणि दारिद्र्यरेषेला बँकेच्या विनिमय दराने गुणू नका. जागतिक बँकेची रेषा जून २०२५ पासून दिवसाला ३ डॉलर आहे, पण हे डॉलर २०२१ च्या क्रयशक्ती समतेचे आहेत, म्हणजे तेवढ्याच वस्तू त्या देशात किती पैशांत येतात त्यावर बेतलेले. बाजारातल्या विनिमय दराने हिशेब केलात तर गरीब देशांत रेषा भलतीच वर जाते आणि निम्मं गाव उगाच गरीब ठरतं. त्या देशाचा समता दर घ्या, मग तिथल्या महागाईनुसार रक्कम सर्वेक्षणाच्या वर्षापर्यंत आणा.