ओल्या कचऱ्याचे खत घरी करताना या चुका टाळा

घरी हौसेने सुरू केलेला खताचा डबा वास येऊ लागला म्हणून महिन्याभरात बंद पडतो, तेव्हा दोष बहुधा डब्याचा किंवा बाजारातून आणलेल्या कल्चरचा, म्हणजे कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंच्या विरजणाचा, नसून सुका पाला कमी पडल्याचा असतो. भाज्यांच्या सालींत आणि देठांत बहुतांश पाणीच असते. कुजताना ते सुटून खालच्या थरांतील हवेच्या पोकळ्या भरून टाकते आणि प्राणवायूविना वाढणारे जिवाणू दुर्गंधी निर्माण करतात. सुक्या पाल्यात कर्ब (कार्बन) जास्त असतो, ओल्या कचऱ्यात नत्र (नायट्रोजन). कर्ब व नत्र यांचे प्रमाण साधारणपणे ३०:१ असावे असे सांगितले जाते, पण त्यासाठी ओट्यावर तराजू मांडण्याची गरज नाही. रोजचा ओला कचरा पूर्ण झाकला जाईल इतका पाला वा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पसरले की पुरते.

वासावरून बिघाड ओळखता येतो. नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास आल्यास नत्र जास्त झाले आहे, म्हणून पाला वाढवावा. सडक्या अंड्यांसारखा वास आल्यास हवा कोंडली आहे, म्हणून सुका पाला मिसळून मिश्रण तळापासून खालीवर करावे. मूठभर मिश्रण घट्ट दाबल्यावर बोटांतून एखाद-दुसराच थेंब यावा. धार लागली तर ते फार ओले आहे आणि मूठ उघडताच भुगा झाला तर पाणी शिंपडावे.

पाला शोधायला जुलैमध्ये निघणे ही आणखी एक चूक. पानगळीच्या दिवसांत तो गोण्यांत भरून कोरड्या जागी ठेवावा. अनेक सोसायट्या नेमका तेव्हाच तो जाळून टाकतात, हे आणखी दुर्दैव.

डब्यात जाड, करड्या अळ्या दिसताच फिनाईल ओतले जाते. त्या बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या असतात. त्या चावत नाहीत, उलट कचरा झपाट्याने फस्त करतात, आणि फिनाईलने मात्र खत घडवणारे जिवाणूच मरतात. नकोशा वाटल्यास ओल कमी करून वर पाल्याचा जाड थर द्यावा.

नारळाच्या करवंट्या, हाडे, तेलकट रस्सा आणि निर्माल्यातील नायलॉनचा दोरा डब्यात टाकू नये.

अर्धवट कुजलेले खत कुंडीत घातल्यास ते मातीतील नत्र ओढून घेते व पाने पिवळी पडतात. मातीसारखा वास येईपर्यंत थांबावे, मग चाळावे आणि चाळणीवर उरलेला चोथा विरजण म्हणून पुढच्या डब्यात टाकावा.