मायएसक्यूएल सगळी रॅम खातंय, मग काय बघायचं

२ जीबी रॅमच्या छोट्या व्हीपीएसवर (भाड्याच्या व्हर्च्युअल सर्व्हरवर) वर्डप्रेस आणि त्याचा डेटाबेस सांभाळणारं मायएसक्यूएल एकत्र टाकलं की हा त्रास होतोच, रात्री कधीतरी डेटाबेस मरतो, सकाळी साइट बंद, रीस्टार्ट केलं की दोन दिवस ठीक आणि मग परत तेच.

आधी डीमेसेज (dmesg) कमांडचा आउटपुट बघा, त्यात लिनक्सच्या गाभ्याचे, म्हणजे कर्नलचे संदेश असतात. त्यात ‘आउट ऑफ मेमरी’ आणि पुढे मायएसक्यूएलडीचं (mysqld, मायएसक्यूएलची सर्व्हर प्रोसेस) नाव दिसलं तर लिनक्सच्या ओओएम किलरने, म्हणजे मेमरी संपली की प्रोसेस मारणाऱ्या यंत्रणेने, ते मारलंय. पण मारलं गेलं म्हणजे दोषी तेच असं नाही हं! किलर साधारणपणे सगळ्यात जास्त मेमरी धरलेली प्रोसेस उचलतो, आणि मायएसक्यूएल बहुतेकदा एकटी मोठी प्रोसेस असते. तिकडे पीएचपी-एफपीएमच्या (वर्डप्रेसचा पीएचपी कोड हाच चालवतो) समजा २० प्रोसेस प्रत्येकी ६० एमबी म्हणजे १२०० एमबी खाऊन बसल्यात पण एकेक लहान म्हणून सुटतात. टॉप कमांड लावा, शिफ्ट-एम दाबा (मेमरीनुसार क्रम लागतो) आणि पीएचपीची बेरीज करा (थोडी मेमरी शेअर्ड असते, बेरीज जरा जास्तच येईल, पण अंदाज लागतो). नुसतं पीएचपी-एफपीएमचं मॅक्स चिल्ड्रन (एकावेळी जास्तीत जास्त किती प्रोसेस) २० चं ८ केलं तरी कित्येकदा डेटाबेसला हात लावायची गरज पडत नाही.

तरी मायएसक्यूएलच जास्त खात असेल तर कॉन्फिगची कॉपी काढून ठेवा आणि इनोडीबी बफर पूल साइझ बघा, म्हणजे टेबलांचा डेटा रॅममध्ये ठेवायला मायएसक्यूएल किती जागा घेतं ते. ‘रॅमच्या ७०-८० टक्के द्या’ हा सल्ला सगळीकडे मिळतो, पण तो फक्त डेटाबेससाठीच ठेवलेल्या सर्व्हरचा आहे, इथे तो लावला तर पीएचपीला काही उरतच नाही. डिफॉल्ट १२८ एमबी असतं, अशा मशीनवर २५६ ते ५१२ पुरे. ५.७ पासून हे चालू सर्व्हरवरही बदलता येतं, फक्त फाइलमध्येही लिहा नाहीतर रीस्टार्टनंतर जुनंच येईल.

खरा घोळ दर कनेक्शनमागे वेगळ्या लागणाऱ्या बफरमध्ये (कामापुरत्या मेमरीत) असतो. सॉर्ट बफर आणि जॉइन बफर दोन्ही डिफॉल्ट २५६ केबी आहेत, लोक कुठूनतरी कॉपी करून ते ८-८ एमबी करतात आणि वर मॅक्स कनेक्शन्स ५०० ठेवतात. आता हिशोब करा, १०० कनेक्शन एकदम सॉर्ट करायला लागली तर फक्त सॉर्टलाच ८०० एमबीपर्यंत, आणि जॉइन बफर तर एकाच क्वेरीत एकाहून जास्त वेळा लागू शकतो. हे दोन्ही सरळ डिफॉल्टवर न्या. मग ‘मॅक्स यूज्ड कनेक्शन्स’ हे स्टेटस बघा, सर्व्हर सुरू झाल्यापासून एकावेळी जास्तीत जास्त किती कनेक्शन लागली ते कळतं. तिथे १८ दिसत असेल तर ५०० कशाला, ४० ठेवा. ८.० वर असाल तर टेम्पटेबल मॅक्स रॅमही (तात्पुरत्या टेबलांसाठीची रॅमची मर्यादा) बघा, त्याचं डिफॉल्ट १ जीबी आहे, २ जीबीच्या मशीनला ते फार झालं, १२८ एमबी करा.

परफॉर्मन्स स्कीमा (मायएसक्यूएलची स्वतःच्या कामाची आकडेवारी ठेवणारी सोय) बंद केला की अजून थोडी जागा सुटते, पण मेमरी नेमकी कुठे जाते हे सिस स्कीमातून (त्याच आकडेवारीचे तयार तक्ते) बघायचं असेल तर तोच लागतो, म्हणून आधी बघून घ्या, मग बंद करा.

बदल केल्यावर पहिले काही तास मेमरी हळूहळू वाढेल, घाबरू नका, बफर पूल भरतोय आणि भरला की तो तसाच राहतो. पूल भरल्यानंतरही दिवसेंदिवस वाढतच राहिली तरच पुढे शोधायचं. आणि १ जीबी स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) जरूर ठेवा, अचानक ट्रॅफिक आलं तर साइट स्लो होईल पण डेटाबेस लगेच मरणार नाही.