पावसाळ्यात शाडूच्या गणपतीला गनने रंग कसा द्यावा

पुण्यात शाडूच्या मूर्तीचे रंगकाम नेमके आषाढ-श्रावणात येते. वर्षातली सगळ्यात दमट हवा, लवकर न सुकणारी माती आणि पाण्यात कालवलेला रंग, सगळे एकाच टेबलावर. 'गन (एअरब्रश) बिघडली' म्हणून ज्या तक्रारी होतात, त्यातल्या बऱ्याचशा गनच्या नसतातच, पाण्याच्या असतात. मूर्तीत पाणी राहिलेले असते, नळीत पाणी साचलेले असते, नाहीतर रंगात पाणी जास्त झालेले असते. म्हणून एअरब्रश हातात घेण्याआधी या पाण्याचा बंदोबस्त करायचा. चतुर्थीच्या आधी पाच आठवडे हातात ठेवा. त्यातले तीन आठवडे नुसते सुकण्यात जातात.

मूर्ती आधी तोला

१२ इंची मूर्ती कोरड्या हवेत सावलीत आठ-दहा दिवसांत सुकते, जुलैत तिलाच तीन आठवडे लागू शकतात. वरून पांढुरकी दिसली म्हणजे आतून सुकली असे नव्हे. पोट आणि बैठक या जाड जागा सगळ्यात शेवटी सुकतात. खात्री करायची तर वजनकाटा काढा. रोज एकाच वेळी वजन घ्या आणि लिहून ठेवा. लागोपाठ दोन दिवस आकडा तोच आला की मूर्ती रंगाला तयार.

घाईने उन्हात किंवा हीटरसमोर ठेवू नका. बाहेरचा थर आधी आकसतो, आतला मागे राहतो आणि भेग पडते ती सोंडेला किंवा मनगटाला, जिथे माती सगळ्यात बारीक असते. भेग पडलीच तर शाडूची पूड, डिंकाचे पाणी आणि थोडा कागदाचा लगदा एकत्र मळून भरा. नुसती ओली शाडू भरली तर ती सुकताना आकसते आणि तीच भेग पुन्हा उघडते.

मग आधी १२० आणि नंतर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासा. या वेळी एन-९५ मास्क लावाच. शाडूची धूळ फार बारीक असते आणि तिच्यात सिलिका असते. नाकाला बांधलेला रुमाल ती अडवत नाही.

अस्तर ब्रशनेच

अस्तरासाठी १०० ग्रॅम खडूची पूड, ६० ते ७० मिली पाणी आणि २० ते २५ मिली डिंकाचे पाणी घ्या. डिंकाचे पाणी म्हणजे २५ ग्रॅम बाभळीचा डिंक १०० मिली पाण्यात रात्रभर भिजवून गाळलेला. हे मिश्रण गनमध्ये घालू नका. खडूचे कण नोझल बुजवतात आणि घासतातही. दीड इंची मऊ ब्रशने दोन पातळ हात द्या, पहिला पूर्ण सुकल्यावर दुसरा. एकदम जाड, ओला हात दिला तर शाडू पाणी पिते, फुगते आणि अस्तर पापुद्र्याने सुटते.

सुकल्यावर बोट फिरवून पाहा. बोटाला पांढरे लागले तर डिंक कमी पडला, बारीक तडे दिसले तर जास्त झाला. शाडूच्या एका वडीवरही हेच अस्तर देऊन ठेवा. पुढे प्रत्येक रंग आधी तिच्यावर मारून बघायचा आहे.

आणखी एक जपायचे. अस्तरात चुना नको. वर हळद वापरणार असाल तर चुन्याशी गाठ पडताच ती लाल होते. हळदीचे कुंकू होते ते असेच.

गन आणि कॉम्प्रेसर

एकच गन घ्यायची असेल तर डबल अ‍ॅक्शन (एकाच खटक्याने हवा आणि रंग वेगवेगळे सोडणारी), वर रंगाचा कप असलेली, ०.३ मिमी नोझलची घ्या. अंगाचा रंग, शेड आणि कानामागची सावली तिने होते. दुसरी परवडली तर ०.५ मिमीची, मोठ्या भागासाठी आणि अभ्रकाच्या मोतिया रंगासाठी. ०.२ मिमीचा मोह टाळा. पोस्टर कलर तिच्यात सारखा अडकतो.

कॉम्प्रेसर एकषष्ठांश एचपीचा चालतो, पण त्याला ३ लिटरची टाकी हवी. टाकी नसेल तर हवा धक्क्याधक्क्याने येते आणि शेडमध्ये ठिपक्यांची लय दिसते. गाडीच्या टायरमध्ये हवा भरायचा पंप या कामाचा नाही. तो सलग चालण्यासाठी केलेला नसतो आणि बारीक दाब धरत नाही. फ्लॅटमध्ये काम असेल तर कॉम्प्रेसरखाली जाड रबरी पायपुसणे घाला, खालच्या मजल्यावर हादरा जात नाही. जोडणी विकत घेताना आटे नीट जुळवून पाहा. बहुतेक एअरब्रशच्या नळीला एकअष्टमांश इंची आटे असतात. पॉलिश पेपर, मास्क, ब्रश यांसाठी बोहरी आळी, आणि रंग-कागदासाठी अप्पा बळवंत चौक ही नेहमीची ठिकाणे.

आता नळीतले पाणी. जुलैत पुण्याच्या एका घनमीटर हवेत साधारण २० ग्रॅम वाफ असते. कॉम्प्रेसर ती हवा पाचपट दाबतो. तेवढ्या लहान जागेत, नेहमीच्या तापमानाला, जेमतेम ५ ग्रॅम वाफच वाफ म्हणून राहू शकते. उरलेल्या १५ ग्रॅमचे, म्हणजे तीन चमचे, पाणी होते. मिनिटाला २० लिटर हवा देणारा कॉम्प्रेसर एवढी हवा ५० मिनिटांत ओढतो. यातले थोडे पाणी टाकीत साचते. पण टाकीतली हवा गरम असते, ती नळीतून येताना थंड होते आणि उरलेले पाणी तिथे सुटते, पाणी अडवणारा फिल्टर ओलांडल्यावर. म्हणून फिल्टर फक्त कॉम्प्रेसरला लावून भागत नाही. एक छोटा फिल्टर गनच्या दांड्याखालीच लावा. नळी तीन मीटरची घ्या आणि तिचा एक झोळ गनपेक्षा खाली लोंबू द्या, म्हणजे थेंब वर चढण्याआधी तिथे थांबतात. टाकीचा खालचा नट दर तासाला उघडून पाणी सोडा. संध्याकाळी पुन्हा एकदा सोडा आणि टाकी उघडी ठेवूनच उठा.

रंग दुधाइतका

पोस्टर कलर एक भाग आणि पाणी एक ते दीड भाग. पाणी बोअरचे नको, फिल्टरचे घ्या. क्षारांमुळे नोझलच्या तोंडाशी खर धरते. कपाच्या आतल्या भिंतीवर ब्रशने रंग लावून पाहा. दुधासारखा खाली घसरला आणि मागे पातळ साय राहिली तर जमले. पाण्यासारखा झरकन उतरला तर पातळ आहे, जागीच थबकला तर जाड. पाणी वाढले की रंगातला डिंक विरतो आणि सुकल्यावर रंग हाताला लागतो, म्हणून दर ३० मिलीला डिंकाच्या पाण्याचे पाच-सहा थेंब टाका. शेवटी पातळ मलमलमधून गाळा. हे गाळणे कधीच टाळू नका.

गेरू वापरायचा तर तो आधी नितळून घ्या. दोन चमचे गेरू पेलाभर पाण्यात ढवळा, मनात तीसपर्यंत मोजा आणि वरचे लाल पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. तळाशी राहिलेली रेव टाकून द्या. ओतलेले पाणी रात्रभर ठेवले की सकाळी वर स्वच्छ पाणी आणि खाली लोण्यासारखा गेरू मिळतो. बोटांत चोळला तर कण लागत नाही. त्यात डिंक मिसळून पातळ केला की ०.३ मिमीच्या नोझलमधूनही तो विनातक्रार जातो, आणि सोंडेवरच्या शेडला त्याच्याइतका उबदार रंग बाटलीत मिळत नाही.

हळदीचे तसे नाही. ती पाण्यात विरघळत नाही, तिचे तंतू गनमध्ये अडकतात. पितांबराला हळद ब्रशनेच लावावी आणि चुण्यांमध्ये गेरूची शेड गनने मारावी. उजेडात हळदीचा रंग उडतो, म्हणून हे काम शेवटच्या आठवड्यात करा.

हात बसवा

वर्तमानपत्रावर दोन दिवस सराव केल्याशिवाय मूर्तीकडे वळू नका. खटका खाली दाबला की हवा, मागे ओढला की रंग. सुरू करताना आधी हवा, मग रंग. थांबताना आधी रंग बंद, मग हवा. हा क्रम चुकला की प्रत्येक फटकाऱ्याच्या टोकाला थेंब पडतो. ठिपक्यांची ओळ, मग सरळ रेघ, मग एका टोकाला जाड आणि दुसरीकडे विरत जाणारी रेघ, एवढे जमले की पुरे. रेघेसाठी गन एक-दोन सेंटिमीटरवर, शेडला पाच ते आठ, मोठ्या भागाला दहा ते पंधरा. दाब शेडला १५ ते २० पीएसआय, मोठ्या भागाला २५ पर्यंत. दाब बघताना खटका दाबून हवा सोडत बघा. बंद गनवर दिसणारा आकडा काम सुरू होताच उतरतो.

अंगाचा रंग आणि शेड

अंगासाठी दहा भाग पांढरा, दोन भाग पिवळी माती, अर्धा भाग लाल. १२ इंची मूर्तीला पातळ केलेला ३० ते ४० मिली रंग लागतो. सगळा एकदमच कालवा, उद्या तोच रंग पुन्हा जमत नाही. पोस्टर कलरची छटा सुकल्यावर थोडी बदलते, तेव्हा निर्णय वडीवरचा रंग सुकल्यावरच घ्या.

पहिला हात इतका हलका मारा की खालचे अस्तर दिसत राहील. मग थांबा. एरवी तीन मिनिटांत सुकणारा हात पावसाळी दिवशी पंधरा मिनिटे घेतो. हेअर ड्रायर वापरायचाच तर थंड हवेवर. असे तीन-चार हात. हात थांबलेला असताना कधीही रंग सोडू नका, गन हलती असतानाच सोडा.

शेडला अंगाचाच रंग घेऊन त्यात गेरू मिसळा आणि एकास तीन पाणी घालून पातळ करा. रंग लावताना जेमतेम दिसला पाहिजे, गडदपणा थरांनी येऊ द्या. सोंडेच्या वळ्या, कानाची मुळे, काख, बेंबी, बोटांच्या मधल्या खाचा, पोट मांडीवर टेकते ती रेघ, या शेडच्या जागा. सोंडेच्या वळीत गन खालून वर धरा, म्हणजे रंग वळीच्या खालच्या बाजूलाच बसतो आणि वरचा उंचवटा आपोआप उजळ राहतो. समोरून मारला तर दोन्ही सारखेच काळवंडतात आणि सोंड चपटी दिसते. गाल आणि गंडस्थळावर शेड नको. तिथे अंगाच्या रंगात पांढरा मिसळून एक फुंकर पुरे.

शेड पुरेशी झाली का हे ट्यूबलाइटखाली ठरवू नका. मूर्ती मखरात पिवळ्या दिव्यांखाली बसणार असते आणि त्या उजेडात गेरूची शेड बरीच पुसट होते. पिवळा दिवा लावून, सहा फूट मागे जाऊन बघा.

पितांबर आणि शेल्याच्या कडेला चिकटपट्टी लावू नका. काढताना ती अस्तरासकट रंग उचलते. लग्नपत्रिकेचा जाड कागद कडेच्या आकारात कापून दोन-तीन मिमी अंतरावर हाताने धरा. काठावरच्या बुट्ट्यांसाठी जुन्या एक्स-रेची फिल्म कापून छाप करता येतो. ती भिजत नाही आणि वळणावर वाकते.

बिघडले तर

गन थुंकते, म्हणजे मधूनच मोठे थेंब उडतात, तेव्हा आधी कप रिकामा करून नुसती हवा आरशावर मारा. आरशावर पाण्याचे ठिपके आले तर दोष नळीतल्या पाण्याचा. आरसा कोरडा राहिला तर नोझलमधल्या सुईच्या टोकावर रंग सुकलाय, ओल्या ब्रशने तो काढा. कोळ्याच्या पायांसारखे फाटे फुटले तर रंग पातळ आहे किंवा गन फार जवळ आहे. पृष्ठभाग पिठासारखा खरखरीत झाला तर रंग हवेतच सुकतोय, गन जवळ घ्या किंवा दाब उतरवा. कपात बुडबुडे आले तर नोझल सैल आहे, चिरलेले आहे किंवा पुढे अडकले आहे. ते पान्याने करकचून आवळू नका, मान तुटते. फवारा एका बाजूला जात असेल तर सुई वाकली आहे. टोक नखावर आडवे ओढून बघा, टोकाला बाक असेल तर नख खरवडले जाते. १२०० नंबरच्या पॉलिश पेपरवर सुई बोटांत फिरवत हलकेच ओढली की लहान बाक निघतो.

रंग बदलताना कपात पाणी घालून ब्रशने आतून फिरवा, नोझलवर ओले फडके धरून खटका जरासा ओढा, पाणी उलट कपात येते. ते ओता आणि स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा करा. हे फवारे खोलीत नको, ओला कापूस घातलेल्या बरणीत मारा. दिवसाअखेर सुई मागून सरळ काढून पुसा आणि तिच्या दांड्याला ग्लिसरिनचा एक थेंब लावा. अख्खी गन थिनरमध्ये बुडवू नका, आतली रबरी वॉशर फुगते.

शेवटी डोळे

पापणीच्या वरची हलकी सावली गनने मारा, पण आखणी ब्रशनेच, शून्य नंबरने. दागिने, गंध, नखे हेही ब्रशने. वर वार्निश मारू नका. त्याने पाणी आत शिरत नाही आणि विसर्जनाला बादलीत मूर्ती लवकर विरघळत नाही. प्लॅस्टिकनेही झाकू नका, दमट हवा आत अडकून हळदीवर बुरशी धरते. चतुर्थीपर्यंत वर एक कोरडा सुती पंचा पुरे, आणि मूर्ती भिंतीपासून हातभर लांब ठेवा.