जुनी जीग कापू नका, नवी पट्टी भरा

माझा थोरला भाऊ 12 वर्षं मस्कतला ट्रक चालवायला होता. ओमानात बलुच लोक, म्हणजे मूळचे पाकिस्तान-इराणच्या बलुचिस्तानातले, पिढ्यान्‌पिढ्या राहतात. भावासोबतच्या एका ड्रायव्हरच्या आईनं माझ्यासाठी एक जीग पाठवली. बलुची बायका पश्क नावाचा पायघोळ झगा घालतात, त्याच्या छातीवरची भरलेली पट्टी म्हणजे जीग. पश्कवर चार जागी भरतकाम असतं: छाती, दोन्ही बाह्यांची टोकं आणि कमरेपासून खाली घेरापर्यंत जाणारा लांबडा खिसा. हे तुकडे वेगळे भरून मग झग्यावर शिवतात. म्हणून झगा विरला तरी जीग उसवून दुसऱ्या झग्यावर लावता येते. या कामाला ते 'दोच' म्हणतात.

उदगीरला माझं शिवणकामाचं दुकान आहे. हल्ली मुली आजीची तांड्यावरची काचळी (बंजारा बायकांची भरलेली चोळी) नाहीतर कुठूनतरी आणलेली अशी पट्टी घेऊन येतात आणि म्हणतात, "काकू, ह्याचं गळ्यातलं करून द्या." मी कात्री लावत नाही. इतकं दाट भरलेलं कापड मधून कापलं की प्रत्येक ओळीचा धागा तुटतो आणि कडेपासून टाके सुटत जातात. कापण्यापेक्षा त्याच पद्धतीनं गळ्यात बांधायची नवी पट्टी भरा, मध्ये खाली पदक असलेली. रोज दुपारी तासभर बसलात तर दीड महिन्यात होते.

मूळ काम करणाऱ्या बायका कापडाचेच धागे मोजून टाका घालतात. आपल्या डोळ्याला ती सवय नाही, म्हणून मॅटी, म्हणजे भरतकामाचं चौकोनी घरांचं कापड, घ्या, इंचाला 14 घरं असलेली. मी पहिल्यांदा पॉपलिनवर भरायला बसले, तर चार बोटं भरेपर्यंत कापड चुरगळून होडीसारखं झालं. मॅटी 15 इंच लांब, 6 इंच रुंद लागेल. रंग काळा किंवा गडद लाल. बलुची कामात लाल, डाळिंबी, नारिंगी, काळा, हिरवा नि थोडा पांढरा हे रंग पुन्हापुन्हा दिसतात. त्यात गुलाबी-आकाशी घालू नका, ते लगेच परकं दिसतं.

धागा अँकरसारखा सहा पदरी सुती घ्या, एका लडीत 8 मीटर येतो. डाळिंबी चार लड्या, काळ्या दोन, नारिंगी दोन, हिरवी आणि पांढरी एकेक. आणल्याबरोबर प्रत्येक रंगाचा वीतभर तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यात दाबा आणि वरून गरम इस्त्री फिरवा. डाग पडला तर ती लडी बाजूला ठेवा. हे न करता मी एक पूर्ण पट्टी भरली होती. धुतल्यावर डाळिंबी रंग पांढऱ्या टाक्यांत उतरला आणि सहा आठवड्यांचं काम गेलं.

आता मोजणी. हिशेब चुकला तर शेवटी अर्धा शंकरपाळा उरतो आणि तो लपवता येत नाही. पट्टीची रुंदी दीड इंच, म्हणजे 21 घरं. वर दोन आणि खाली दोन घरं काळ्या काठाला सोडा, मध्ये राहिली 17. 17 घरांचा एक शंकरपाळा, असे 9 शंकरपाळे टोकाला टोक लावून. 9 गुणिले 17 म्हणजे 153 घरं, साधारण 11 इंच. 9 विषम आहेत, त्यामुळे पाचवा बरोबर गळ्याच्या मध्ये येतो. पेन्सिलीनं काही काढू नका. कापडाच्या मधल्या घरात पांढऱ्या दोऱ्याचा एक सैल टाका घाला आणि तिथून दोन्ही बाजूंना मोजत जा.

धागा बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंतच कापा, त्याहून लांब घेतला की त्याला लव सुटते. सुई बोथट टोकाची. गाठ मारायची नाही, शेपूट मागच्या टाक्यांखाली सरकवायचं. जीग उलटी करून पाहिली तेव्हा मी थक्क झाले होते. मागेही तोच नक्षीचा ठसा, एकही दोरा लोंबत नव्हता. तेव्हापासून मी कुणाचंही काम आधी उलटं करून बघते.

पहिल्यांदा काळ्याच्या दोन पदरांनी सगळ्या शंकरपाळ्यांच्या रेषा घाला. धावदोरा घालत जायचं आणि त्याच वाटेनं परत येत मोकळ्या जागा भरायच्या. मग तीन पदरी डाळिंबीनं भराव टाका. एक टाका पाच घरांपेक्षा लांब नको, तो मंगळसूत्रात अडकून ओढला जातो. जागा मोठी असेल तर टाका तोडून त्रिकोण-त्रिकोण करा. बलुची काम असंच बारक्या त्रिकोणांनी भरत जातं, खालचं कापड जवळजवळ दिसत नाही. मग नारिंगी, हिरवा. पांढरा सगळ्यात शेवटी, कारण तोच आधी मळतो. उन्हाळ्यात आमच्याकडे दुपारी बोटं घामेजतात, तेव्हा मांडीवर सुती फडकं ठेवा, चैत्र-वैशाखात तर सकाळीच बसा.

पदकासाठी पश्कच्या खिशाचा आकार घ्या. खिशाचं वरचं टोक त्रिकोणी असतं. तो आकार उलटा केला की टोक खाली येतं. रुंदी पट्टीइतकीच, उंची 3 इंच. मध्ये बोटाच्या नखाएवढा गोल आरसा बसवायचा. आरसा बसवायला मला शेजारच्या तांड्यावरच्या याडीनं (बंजारा बोलीत याडी म्हणजे आई) शिकवलं. ती माझ्या मांडीवरची जीग बघून म्हणाली, "काय करायलीस गं हे? हे तर आमच्यावानीच हाय." तिच्या काचळीवरही आरसे होते, पण कवड्या आणि नाणी लावायची तिची रीत निराळी. तिनं सांगितलं, आधी आरशाची कड दगडावर घास, नाहीतर काच धागा कापते. मग आरशावरून दोन आडवे आणि दोन उभे दोरे ताणून चौकट करायची आणि त्या चौकटीला धरून भोवती काज टाका घालायचा.

भरून झालं की उलट बाजूनं ओलं फडकं ठेवून इस्त्री करा. अर्धा इंच माया सोडून कापा, मागे ताठपणासाठी बक्रम, त्यामागे जुन्या सुती साडीचं अस्तर. नायलॉनचं अस्तर मानेला घामानं खाज आणतं. कडेनं काळी तिरपी पट्टी फिरवा. पदक पाचव्या शंकरपाळ्याखाली काज टाक्यानं जोडा. दोरीसाठी उरलेले सगळे रंग एकत्र करून हव्या त्या लांबीच्या तिप्पट धागा घ्या, एक टोक खिळ्याला अडकवून पीळ द्या, दुमडा, की ती आपोआप वळते. टोकांना गोंडे.

विकायचं असेल तर 'बलुची पद्धतीचं' म्हणा, 'बलुची' म्हणू नका. इराणच्या बलुचिस्तानातल्या महताब नौरोजी यांच्यासारख्या बायकांनी आयुष्यभर बसून हे काम केलं. इराणच्या तेव्हाच्या राणी फराह पहलवी यांच्या कपड्यांवर ते गेलं. ज्यांनी हे टिकवलं, त्यांचं नाव आपल्या हातच्या कामाला लावू नये. मी प्रत्येक पट्टीसोबत चिठ्ठी देते: नमुना मकरानकडचा (बलुचिस्तानचा समुद्राकडचा भाग), हात उदगीरचा.

ही पट्टी धुवायची नाही. मऊ ब्रशनं झटकायची आणि सुती कापडात सपाट ठेवायची, घडी न घालता. घडी पडली की आरशाच्या चौकटीवर ताण येतो, आणि ते दोरे तुटले तर आरसा खाली पडेपर्यंत कळत नाही.